उलट्या पावलांची वाट

सोजरबाई आली ती ऑटो घेऊन, आणि ऑटोवाल्याला तिनं इंजिन बंद करू दिलं नाही. बाबाराव सरांना तेवढ्यावरून कळलं की बहीण भेटायला आलेली नाही, न्यायला आलेली आहे.

लिंबाच्या प्रकरणानंतर ती इचोड्याच्या या घराची पायरी चढली नव्हती. तिच्या तामसीच्या घरात बुद्धाच्या फोटोमागं एक लिंबू सापडलं होतं, मिरच्या टोचलेलं, आणि सापडलं ते नेमकं सरांनाच. दुसऱ्या कुणाला सापडलं असतं तर त्यानं ते गुपचूप परत ठेवलं असतं. सरांनी ते ताटात ठेवलं आणि भर पंगतीत धम्मावर भाषण दिलं. वरण निवेपर्यंत दिलं. तेव्हापासून बहीण-भावात बोलणं बंद होतं. राहीबाई मात्र नातीला घेऊन नणंदेकडे जातयेत राहिली. सर त्या वेळी विहारात असत आणि त्यांना यातलं काही ठाऊक नसे. म्हणजे, ठाऊक नसल्यासारखं ते छान करत.

"पोरगी कुठं हाये?" सोजरबाईनं दारातूनच विचारलं. भावाला नाही, भावजयीला.

"वच्छला आंघूळ घालून राह्यली तिले," राहीबाई म्हणाली. "बस तर खरी. चहा टाकतो."

"चहा वापस आल्यावर पिईन. बाजारहत्नूरच्या पल्याड एक जन हाये. सकाळीच पायते. ऊन चढलं का मंग हात लावत नाई."

सरांनी पेपर खाली केला. "पलीकडे एक जण म्हणजे कोण? डॉक्टर?"

सरांचं मराठी छापील होतं. पस्तीस वर्षं शाळेत बोलून बोलून ते तसंच वाळलं होतं, आणि आता निवृत्तीनंतर घरात तेच वापरात होतं.

सोजरबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून बोलली, "वैनी, सांग त्याले. डॉक्टर करून झाले म्हनावं. आदिलाबाद झालं, हैदराबाद झालं. पोरगी दवाखान्यातून आनली तवा गरीब गाय होती. आता चावून राह्यली."

"गरीब गाय नव्हती," सर म्हणाले. "तिला बोलताच येत नव्हतं."

"थेच तं म्हनतो म्या. शांत होती."

एवढ्यात आतल्या खोलीतून खुशाल आला. सरांचा हा मुलगा मंडल ऑफिसात कारकून होता आणि आयुष्यात त्यानं कुठल्याही कागदाला 'नाही' म्हटलं नव्हतं. तो फक्त 'पाहतो' म्हणे आणि कागद खाली ठेवे. आज त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना पाणी लावून भांग पाडला होता. सरांनी आधी भांगाकडे पाहिलं, मग ऑटोकडे.

"तुला माहीत होतं?"

"आत्याचा फोन आला होता," खुशाल म्हणाला. "बाबा, एक डाव नेऊन आनाले काय जाते? गोळ्या आठ-पंधरा रोज बंद ठेवू. तोंड पाहा तिचं, कसं फुगलं. मले तं ओळखूच येत नाई ते आपली खेमा हाये म्हनून."

त्याचा आवाज शेवटी चिरकला. कारकुनाच्या आवाजाला ती सवय नव्हती. सरांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

पेपराआड जाण्याला दुसरंही एक कारण होतं. या आजारात कुणाचं चुकलं याचा हिशोब घरात कुणी काढला नव्हता, पण काढला असता तर पहिलं नाव सरांचं आलं असतं.

खेमा त्यांची एकुलती नात, पाचवीतली. फाल्गुनात, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, ती एकटीच हसू लागली. मग झोप गेली. मग शिव्या सुरू झाल्या, चावणं सुरू झालं. तोंडात काही नसताना ती चघळत बसे. गल्लीनं लगेच निकाल दिला, बानामती. कुणीतरी करणी केली. आता बानामती मानायची म्हणजे धम्मदीक्षेत घेतलेल्या प्रतिज्ञा मोडायच्या, म्हणून विहाराचे सचिव असलेल्या बाबाराव सरांनी दुसरं टोक गाठलं. त्यांनी जाहीर केलं की हे नाटक आहे. त्याला आधारही होता. खेमा जातिवंत नकलाकार होती. शाळेत तेलुगू शिकवणाऱ्या सारूपासून ते दूधवाल्याच्या म्हशीपर्यंत तिनं कुणाला सोडलं नव्हतं. "जत्रेत घुमणारी बाई पाहिली असेल," सरांनी पहिल्या डॉक्टरला सांगितलं, "तिची नक्कल करते आहे. लक्ष देऊ नका, बंद होईल." इतक्या शिकलेल्या, चष्मा लावलेल्या माणसाची साक्ष. डॉक्टरनं टॉनिक लिहून दिलं. अशा रीतीनं अंधश्रद्धेनं जेवढे दिवस घालवले असते तेवढेच विवेकानं घालवले. मग झटके आले, आणि त्यानंतर पोरगी दिवा मालवावा तशी मालवली. डोळे उघडे, आत कुणी नाही. हात वर करून ठेवला की हात वरच राही.

मोरीचं दार उघडलं. वच्छला बाहेर आली. साडीचा पदर खोचलेला, बाह्या ओल्या, मनगटावर दातांची ताजी कमान. अंगणवाडीतल्या चाळीस पोरांना एका नजरेनं खाली बसवणारी बाई होती ती. तिनं त्याच नजरेनं ऑटो पाहिला, नवऱ्याचा भांग पाहिला.

"आत्याबाई, या. कवा आल्या?" ती म्हणाली. "अन् हे काऊन नटले?"

 राहीबाईनं चहाचं आधण उगाच ढवळलं.

"खेमाले कुठं न्याचं नाई," वच्छला म्हणाली. "अन् गोळ्या एक रोजबी बंद नाई. डॉक्टरीणबाईनं हात धरून सांगतलं होतं मले, एकदम बंद केल्या तं जीवाले धोका हाये. हळूहळूच कमी करा लागते, तेबी त्या सांगतीन तवा."

"तवा शांत होती, आता बिघडली, मंग दवा लागू झाली का उलटली?" सोजरबाईनं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. खुशालनं मान हलवली. राहीबाईनंही, चुलीकडे तोंड करून.

"मामाजी, तुमी सांगा," वच्छला सासऱ्याकडे वळली. "तुमच्यासमोर बोलल्या नं त्या. काय बोलल्या होत्या?"

सर सावरून बसले. हैदराबादचा तो वॉर्ड त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख होता. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या विद्यार्थिनीसारख्या, आणि हैदराबादी हिंदीत बोलत. त्यांनी पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, ते तपासायला दूर कुठं पाठवलं, आणि निकाल आल्यावर समजावलं होतं की मेंदूला सूज आहे आणि सूज आणणारा बाहेरचा कुणी नाही. शरीरात राखणदार असतात. रोगजंतू आले की ते मारतात. हिच्या राखणदारांनी घरच्याच माणसांना चोर समजून लाठ्या घातल्या. सरांना हे चटकन कळलं. त्यांच्या खानदानात हा प्रकार मेंदूबाहेर बऱ्याच वेळा झालेला होता.

"त्या म्हणाल्या होत्या," सर हळू म्हणाले, "'जिस रास्ते से गई है, उसी रास्ते से वापस आएगी। उल्टे पाँव।'"

सोजरबाईनं कपाळाला हात लावला. "आयकलं? उलट्या पायानं कोन चालते, माहीत हाये नं तुमाले? डॉक्टरनंच सांगून देल्लं, अन् यायले समजलं नाई!"

"आत्याबाई," वच्छला खाली बसली, सोजरबाईच्या अगदी पुढ्यात, आणि तिनं अंगणवाडीचा आवाज काढला. "आदिलाबादची बस इथून निघाली का पहिले इचोडा सुटते, मंग गुडीहत्नूर, मंग आदिलाबाद. बरोबर?"

"मले बस नको शिकवू. तामसीहून बस बदलत आली मी."

"येतानी पहिले काय लागते?"

"गुडीहत्नूर."

"मंग गुडीहत्नूर आलं म्हनून बोंबलता काय, का गाडी चुकली? पोरगी जातानी पहिले शिव्या देल्ल्या, चावली, मंग मुकी झाली. आता मुकेपन सरलं, शिव्या आल्या. म्हंजे गाडी घराकडं येऊन राह्यली."

सोजरबाईनं बोटांवर गावं मोजून पाहिली.

"अन् नसंन येत तं?" खुशाल म्हणाला. "हे तुझं म्हननं हाये. नसंन येत तं, आपून नुसतं पायत बसू?"

हाच खरा प्रश्न होता. वच्छलेनं दातांच्या कमानीवर पदर ओढला. ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला. खुशाल मोरीच्या दिशेनं एक पाऊल निघाला, आणि सरांना कळलं की आता 'हो' किंवा 'नाही' त्यांनाच म्हणावं लागणार. आयुष्यभर त्यांना सगळ्यावर मत असे. आता लागलं तेव्हा खिसा रिकामा होता.

मोरीच्या दारात खेमा उभी राहिली. गोळ्यांनी चेहरा पुरणाच्या पोळीसारखा गोल झालेला, ओले केस कपाळाला चिकटलेले, फ्रॉक उलटा. भिंत धरून ती एकेक पाऊल टाकत आली आणि आजोबांसमोर थांबली. तिच्या नजरेत इतका शुद्ध राग होता की सरांनी नकळत चष्मा सावरला.

"ए मास्तऱ्या," ती म्हणाली. शब्द जड येत होते, जिभेवरून ओढून आणल्यासारखे. "तुह्या तोंडात खडू! खडू भरीन! मरून जाय!"

ऑटोवाला दारातून डोकावला होता, तो अदबीनं मागं सरला.

"आयकलं?" वच्छला उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि ती चक्क हसत होती. "आई, तुमी होत्या नं तवा? फाल्गुनात पहिली शिवी कोनती देल्ली होती हिनं?"

राहीबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. "खडूचीच," ती म्हणाली. "तोंडात खडू भरीन. हेच. असंच, यायच्यासमोर उभं राहून."

सरांना आठवलं. तीच शिवी, तेच अंतर, तीच उजवी मूठ. त्या दिवशी त्यांनी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं. ती शिवी मग कुठं गेली होती इतके महिने? नळ्या, सुया, झटके, ती उघड्या डोळ्यांची शांतता, एवढ्या सगळ्याच्या खालून ती तशीच, एक अक्षर न सांडता, परत आली होती. सरांना देव मान्य नव्हता, त्यामुळे अशा वेळी हात कुणाला जोडावेत हा त्यांच्यापुढं नेहमीचाच पेच होता. ते नातीकडे बघत राहिले. माणसाच्या कवटीत एवढा रस्ता मावतो, आणि त्यावर खुणेचे दगड असतात, हे त्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणाला नाही.

"मंग आता पुढचं स्टेशन कोनतं?" हा प्रश्न सोजरबाईचा होता. ती कधी वळली ते कुणालाच कळलं नाही.

"झोप," राहीबाई म्हणाली. "शिव्यायच्या आधी झोप गेली होती. अन् हसे एकटीच."

"त्याच्या आधी विहारात वाचन अडकलं," सर म्हणाले. "माघ पौर्णिमेला. ओळीच्या मधोमध थांबली. शब्दच सापडेना."

"त्याच्या आधी काईच नाई," खुशाल म्हणाला. "तवापर्यंत चांगली होती."

"काऊन नाई?" सोजरबाई म्हणाली. "संक्रांतीले आली होती तामसीले तवाच मले दिसलं. एरवी मले पाह्यल्याबरोबर हे पोरगी माह्यासारखी पाय ओढत चाले, गालात तंबाखू धरल्यावानी बोले, मी मोजतो तसे वांगे मोजे. माह्यापेक्षा चांगली मोजे. त्या संक्रांतीले काईच नाई. तिळगूळ घेतला, पाया पडली, बसली. मले वाटलं, दादानं मना केलं असंन. त्या बुढीची नक्कलबी करू नको म्हनून. मी चार रोज जेवली नाई."

 सरांनी पेपराची घडी घातली, मग उलट घडी घातली.

पौषातच घर एकदम शांत झालं होतं. ना सारूचा आवाज, ना म्हशीचा, ना खुद्द सरांचा. सरांची नक्कल हा खेमाचा सगळ्यात गाजलेला खेळ होता. भाषणाआधी चष्मा काढून सदऱ्याला पुसणं, दोनदा खाकरणं, सगळं. सरांनी त्यावर तिला पाटी भरून लिहायला लावलं होतं, 'मी थोरांची नक्कल करणार नाही.' मग ती थांबली. सरांनी विहारात चार लोकांना सांगितलं की योग्य वयात शिस्त लावली की मूल सुधारतं. तिला त्यांनी आपला फाउंटन पेन बक्षीस दिला. पोरीच्या डोक्यातलं पहिलं घर पडलं त्या दिवशी तिच्या आजोबांनी पेढे वाटले होते.

"मी मनाई केली होती," ते म्हणाले. "पण ती माझ्या मनाईनं थांबली नव्हती. माझ्या मनाईनं ती कधी थांबली आहे?"

आणि मग ते बहिणीकडे बघून, लिंबानंतर पहिल्यांदा, थेट तिला म्हणाले, "सोजर, तो ऑटो परत पाठव. तू जाऊ नको."

"मी कायले जातो?" सोजरबाई म्हणाली. "माही नक्कल राह्यली नं." आणि बाहेर बघून तिनं हाक दिली, "अरे ए बाबू, बंद कर ते! तेल जाळून राह्यला सकाळपासून!"

ती राहिली ती कायमचीच राहिल्यासारखी. पोरगी तिला चावली, तिच्या अंगावर वरण फेकलं, तिला 'लिंबूवाली' म्हणाली. तेव्हा सरांनी पेपरात तोंड घातलं. वच्छला आणि सोजरबाई यांची युती इतकी घट्ट झाली की राहीबाई दोनदा "आता तुमचंच राज्य" असं भिंतीला सांगून गेली. गोळ्या वच्छला देई आणि गिळल्या का हे सोजरबाई तोंड उघडून बघे.

एका दुपारी ओसरीत वांगी चिरताना सोजरबाईनं भावाला विचारलं, "दादा, त्या गोळ्यायच्या पहिले बाटल्या लावल्या म्हने तिले. कायच्या?"

सरांनी सांगितलं. पहिलं औषध पुरलं नाही तेव्हा डॉक्टरांनी दुसरं लावलं, काचेच्या बाटलीतलं, साध्या पाण्यासारखं दिसणारं. ते कारखान्यात तसं बनत नाही. हजारो माणसं रक्त देतात, त्या रक्तातलं पाणी वेगळं काढतात, त्यातले चांगले राखणदार निवडतात. एकेका बाटलीत हजारो माणसं असतात. ते जाऊन हिच्या भरकटलेल्या राखणदारांना आवरतात.

सोजरबाईची सुरी थांबली. "हजारो मान्सं? कोनते?"

"ते कुणाला माहीत नसतं. देणाऱ्यालाही नाही, घेणाऱ्यालाही नाही."

"म्हंजे त्यात पाटलाचंबी असंन?"

"असेल."

"बामनाचं?"

"असेल. मुसलमानाचं, गोंडाचं, मारवाड्याचं. आपलंही असेल कुणाचं."

सोजरबाईनं सुरी खाली ठेवली. दोघांनाही एकच आठवत होतं. लहानपणी गावात तहान लागली की विहिरीजवळ ओंजळ धरून बसायचं. कुणी दयाळू माणूस हात लांब धरून वरून पाणी ओती, शिवाशिव होऊ नये इतक्या वरून. हैदराबादला सर खुर्चीत बसून त्या बाटलीकडे रात्रंदिवस बघत होते. तीही वरच टांगलेली होती, पाणी वरूनच पडत होतं, थेंब थेंब. फक्त ओंजळीत नाही, शिरेत. सरांनी आयुष्यात समतेवर जेवढी भाषणं दिली होती ती सगळी त्या थेंबापुढं त्यांना फारच लांबलेली वाटली होती.

"अन् एवढे लोक अंगात गेल्यावर," सोजरबाई शेवटी म्हणाली, "शिव्या तं आपल्याच देते पोरगी."

"हो," सर म्हणाले. "त्यात भेसळ नाही."

भाऊ आणि बहीण हसले. आतून राहीबाई बघायला आली की काय झालं.

भादव्यात शिव्या विरल्या. मग झोप आली. मग खेमा एकटीच हसू लागली आणि खुशाल दर वेळी बायकोकडे बघे, आणि वच्छला म्हणे, "स्टेशन." वेगळ्या तेलंगणासाठी संप लागला, मंडल ऑफिसला कुलूप, बसेस डेपोत, खुशालला 'पाहतो' म्हणायला एक कागद उरला नाही, म्हणून तो लेकीकडे पाहू लागला. ती झोपे तेव्हा तो उशाशी बसून राही, जाग येऊ नये म्हणून पंख्याची खरखर सुद्धा त्यानं तेल घालून घालवली. गोळ्या डॉक्टरीणबाई फोनवर सांगतील तशा उतरत गेल्या. एकदा ती 'आई' म्हणाली, आणि एकदा 'मीठ'. मीठ म्हणाली तेव्हा भाजीत खरंच मीठ नव्हतं.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. पावसाळ्यातले तीन महिने विहारात रोज होणारं ग्रंथवाचन त्या दिवशी पुरं होतं, आणि शेवटचं पान वाचायचा मान मागच्या वर्षी खेमाचा होता. यंदा तो कुणी मागितला नाही. संपामुळे आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं कापसाच्या ट्रॅक्टरांतून आली. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, उदबत्तीचा वास, आणि बायकांच्या बाजूला पुढं, आई आणि सोजरआजीच्या मध्ये, गोल चेहऱ्याची खेमा.

सरांनी ग्रंथ उघडला, शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि तो उचलून नातीच्या मांडीवर ठेवला. विचारलं नाही. खुशालनं डोळे मिटून घेतले.

ती वाचू लागली. आधी एकेक अक्षर, मग शब्द, मग ओळ. मध्ये एका जोडाक्षराशी ती थांबली. सगळा विहार थांबला. माघात अशीच थांबली होती आणि मग पुढं काही सापडलंच नव्हतं. वच्छलेनं सोजरबाईचा हात धरला. खेमानं जोडाक्षराकडे खाली वाकून पाहिलं, त्याला ओलांडलं आणि शेवटपर्यंत गेली.

'साधू, साधू, साधू' असा गजर झाला. खुशाल उघड रडला. लोक सरांचं अभिनंदन करू लागले. पोरगी बरी झाली, संपलं आता. सरांनी हात जोडले, पण नजर बहिणीकडे गेली. सोजरबाईनं अगदी बारीक मान हलवली. अजून नाही. अजून एक राहिलं आहे. इचोडा अजून यायचं आहे, आणि शेवटच्या स्टेशनाआधी थांबणाऱ्या गाड्याही असतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं दोघांनाही आठवत होतं. काही मुलं जवळजवळ परत येतात, म्हणाल्या होत्या. जवळजवळ.

समारोपाचं भाषण सचिवांचं. सर उठले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, डोळ्यांवर ठेवला. दोनदा खाकरले.

"बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, "आज मी फार बोलणार नाही."

गेली वीस वर्षं प्रत्येक भाषण या वाक्यानं सुरू होत आलं होतं आणि एकाही भाषणानं ते पाळलं नव्हतं. पुरुषांच्या रांगेत माणसं सवयीनं भिंतीला टेकली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं खाकरणं ऐकू आलं. एकदा. मग, मधे नेमका तेवढाच वेळ जाऊ देऊन, पुन्हा एकदा.

"बंधू-भगिनींनो," सरांचाच आवाज म्हणाला. तोच कोरडेपणा, 'भगिनीं'वर तीच अनावश्यक हवा. "आज मी फार बोलणार नाही."

विहारात कुणी हसलं नाही.  खेमा सरळ बसली होती, मान किंचित मागं, हातात नसलेला चष्मा दोन बोटांत धरलेला, आणि फ्रॉकच्या टोकानं ती तो हवेतला चष्मा पुसत होती. आधी डावी काच, मग उजवी. सरांना आजवर माहीत नव्हतं की ते आधी डावी पुसतात.

सोजरबाईनं तोंडात पदर कोंबला. वच्छला हलली नाही. माणसं सरांकडे बघत होती. भर विहारात, पौर्णिमेला, ग्रंथासमोर, थोरांची नक्कल. या गोष्टीसाठी त्यांनी पाटी भरवली होती हे गावाला माहीत होतं.

 सरांच्या समोर ते स्वतः बसले होते, अकरा वर्षांचे, फ्रॉकमधले, गोल चेहऱ्याचे, इतके हुबेहूब की आपण उभे आहोत ते उगाच, असं त्यांना वाटलं. कुणाकुणाच्या रक्तातले ते हजारो राखणदार, त्या उतरत गेलेल्या गोळ्या, वच्छलेच्या मनगटावरची कमान, सगळं मिळून हे परत आलं होतं, जे जाताना त्यांनी ओळखलंसुद्धा नव्हतं.

ते हळूहळू खाली बसले. खुर्चीत नाही, पुढच्या सतरंजीवर, श्रोत्यांमध्ये, मांडी घालून.

"अजून कर वं माय," ते म्हणाले. छापील मराठी कुठं गेलं कुणास ठाऊक. "पुरं कर. आमी आयकून राह्यलो."

खेमानं त्यांच्याकडे पाहिलं. मग आईच्या खांद्याच्या आधारानं उठली, आजोबांच्या जागी जाऊन उभी राहिली, हवेतला चष्मा डोळ्यांवर ठेवला, दोनदा खाकरली.

"आज मी फार बोलणार नाही," ती म्हणाली, आणि मग खूप वेळ बोलली.